माशीने पिवळा पाहिला की उजेड?

डिसेंबरातल्या एका सकाळी मी अळ्यांवर जगणाऱ्या एका बारीक माशीच्या २० माद्या एकेक करून डब्यात सोडल्या. डब्याच्या तळाशी दोन चकत्या होत्या, एक पिवळी, एक निळी, दोन्ही घोटीव कागदाच्या. २० पैकी १७ माद्या पिवळीवर जाऊन थांबल्या. मी वहीत १७ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमना हाक मारली. मॅडमनी वही पाहिली, मग खिडकीकडे पाहिलं. काही न बोलता डबा जागच्या जागी अर्धा फिरवला आणि म्हणाल्या, "आता पुन्हा सोड."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणखी २० नव्या माद्या सोडून झाल्या. १६ निळीवर. म्हणजे त्यांना पिवळ्याशीही देणंघेणं नव्हतं आणि निळ्याशीही नव्हतं. त्या खिडकीकडे, उजेडाकडे जात होत्या. त्या बाजूला जो कागद असेल, तो माझ्या वहीत त्यांची पसंती म्हणून उतरत होता.

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रबंधाचे पुढचे पाच महिने मी हा एकच गुंता सोडवत होते. माशी जेव्हा एका रंगाकडे जाते, तेव्हा ती रंगाकडे जाते हे कशावरून?

मी अमळनेर तालुक्यातल्या तापीकाठच्या गावची. घरी कापूस, मका, रब्बीला दादर ज्वारी. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापसाचं जे केलं, ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. बाहेरून धडधाकट दिसणारं बोंड फोडलं की आत किडकी सरकी आणि पिवळट कापूस. त्यानंतरच्या हंगामात आप्पांनी पहिल्यांदा ट्रायकोकार्डं आणली. पोस्टकार्डाच्या आकाराचा पुठ्ठा, त्यावर खसखशीसारखे चिकटवलेले दाणे. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी, ती कॉर्सेरा नावाच्या धान्यातल्या पतंगाची, आणि त्या अंड्यांच्या आत ट्रायकोग्रामा नावाची माशी. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करायच्या. एक-दोन दिवसांत अर्ध्या मिलिमीटरएवढ्या माश्या बाहेर पडतात आणि बोंडअळीची अंडी हुडकून त्यांत आपली अंडी घालतात. मी शाळेत होते. पट्ट्या लावायचं काम माझ्याकडे होतं, आणि तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. एवढ्या मोठ्या शेतात एवढी बारीक माशी ते अंडं हुडकते कसं?

प्रबंधासाठी मात्र ट्रायकोग्रामा घेतली नाही. ती इतकी बारीक की तिचं वागणं उघड्या डोळ्यांनी टिपता येत नाही. मॅडमनी ब्रॅकॉन सुचवली. ब्रॅकॉन हेबेटर. साधारण तीन मिलिमीटर लांब, पिवळसर तपकिरी अंग, पारदर्शक पंख, मिशा सतत हलत्या. गांधीलमाशीच्या मोठ्या गोतावळ्यातली ही परोपजीवी माशी. माणसाला चावत नाही, अळीला सोडत नाही. घरी पहिल्यांदा कुपी नेली तेव्हा मोठ्या माईने ती डोळ्यांजवळ धरून विचारलं, "हाई चावस का वं?" नाही म्हटल्यावर तिने कुपी उजेडात फिरवली. "तिना डोया केवढासा, तिले रंग कसा दिखस?" मी दोन पानांत मांडलेला प्रश्न तिने एका वाक्यात विचारला होता.

ब्रॅकॉन वाढवायच्या तर आधी कॉर्सेराच्या अळ्या वाढवायला लागतात. प्लास्टिकच्या टबांत ज्वारीचा भरडा, थोडा शेंगदाण्याचा कूट, वरून पतंगाची अंडी, आणि कापडाने तोंड बांधून टाकायचं. महिनाभराने भरड्यात जाळी धरलेली दिसते, म्हणजे आत अळ्या पोसल्या. पतंग निघाले की त्यांच्या पंखांवरची भुकटी खोलीभर उडते. मास्क न लावता पतंग गोळा केले की रात्रभर खोकला. आमच्याकडे प्रयोगशाळेचं सगळं पाहणारे नाना पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, तोंड बांधल्याशिवाय टब उघडू नका." मी एकदा उघडला. पुन्हा नाही.

ब्रॅकॉनसाठी कंदिलाच्या काचा वापरतात. काचेच्या एका तोंडाला कापड ताणून बांधायचं, आत नर-माद्या सोडायच्या, मधाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा ठेवायचा. दुसऱ्या तोंडाला मलमलीचे दोन पदर लावायचे आणि त्या दोन पदरांमध्ये पोसलेल्या अळ्या. याला सँडविच पद्धत म्हणतात. मादी कापडावरून चालत येते, मिशांनी ठोकत ठोकत. अळी जागेवर आहे असं कळलं की पोट वाकवते आणि कापडातून नांगी खुपसते. हे मी भिंगाखाली तासन्‌तास पाहिलंय. अळी आधी जोरात वळवळते, मग वळवळ मंदावते, आणि थोड्या वेळाने ती जिवंत असूनही लुळी पडते. मादी सगळ्या लुळ्या केलेल्या अळ्यांवर अंडी घालत नाही. जितक्या लागतात त्याहून कितीतरी जास्त अळ्यांना ती डंख मारून ठेवते. अंडी अळीच्या अंगावर, बाहेरून, पांढुरकी, लांबुळकी. त्यांतून निघालेली पिल्लं अळीला बाहेरूनच शोषतात, मग पांढरे कोष विणतात, आणि १०-१२ दिवसांत नवी पिढी.

(ही माशी अवकाशातही जाऊन आली आहे. १९६७ साली अमेरिकेच्या बायोसॅटेलाइट-२ यानातून ती पृथ्वीभोवती फिरली. हे मी नानांना सांगितलं तेव्हापासून ते कंदिलाच्या काचा जास्तच जपून पुसायला लागले.)

आता शिकण्याबद्दल. परोपजीवी माश्या शिकतात हे मला प्रबंध घेण्यापूर्वी माहीत नव्हतं. मला वाटायचं, हे सगळं उपजत. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथले कीटकशास्त्रज्ञ जो लुईस आणि त्यांचे सहकारी टमलिन्सन यांनी मायक्रोप्लायटिस क्रोसिपेस या माशीवर काम केलं. ती अमेरिकन बोंडअळीच्या कुळातल्या अळ्यांवर जगते. अळीच्या विष्ठेला मिशा लावताना जो वास येतो, तो ती लक्षात ठेवते आणि पुढे त्या वासाच्या मागावर उडते. हे त्यांनी १९८८ साली 'नेचर'मध्ये छापलं. त्यापुढचं १९९० चं लुईस आणि ताकासू यांचं काम वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसले. त्यांनी माश्यांना दोन वास शिकवले, व्हॅनिला आणि चॉकलेट. एक वास अळीशी जोडलेला, दुसरा गोड अन्नाशी. मग जी माशी भुकेली, ती अन्नाच्या वासाकडे गेली, आणि जिचं पोट भरलेलं, ती अळीच्या वासाकडे. म्हणजे दोन्ही आठवणी तिच्यापाशी एकाच वेळी होत्या, आणि कुठली वापरायची हे पोट ठरवत होतं. एवढ्याशा जिवात! पुढे याच माश्या वास हुंगायचं यंत्र म्हणून वापरता येतील का, यावरही तिथे काम झालं. नळकांड्यात पाच माश्या, वर कॅमेरा.

वासावरचं काम पुष्कळ आहे, डोळ्यावरचं त्या मानाने कमी. पण आहे. नेसोनिया नावाची माशी, घरमाशीसारख्या माश्यांच्या कोषांवर जगणारी, रंग शिकते हे २००० साली प्रसिद्ध झालं. फेलिक्स वॅकर्स यांनी कोबीवरच्या अळीची कोटेशिया रुबेकुला ही माशी घेऊन १९९४ मध्ये दाखवलं की भुकेली मादी पिवळ्याकडे ओढली जाते. हे शिकून नाही, उपजत. पोट भरलेलं असेल तर ती ओढ राहत नाही. मला ब्रॅकॉनसोबत यातलाच छोटा तुकडा करायचा होता. मध दाखवून निळा रंग शिकवला, तर पिवळ्याची ओढ मोडते का?

डब्याचा किस्सा सुरुवातीला सांगितला. त्यानंतर मॅडमनी मला दोन दिवस प्रयोग बंद ठेवायला सांगून फक्त डोळ्यांबद्दल वाचायला लावलं. मधमाशा, गांधीलमाश्या आणि त्यांच्या गोतातल्या बहुतेकांना तीन प्रकारच्या रंगपेशी असतात. अतिनील, निळा आणि हिरवा. आपल्याला लाल, हिरवा, निळा. म्हणजे आपला लाल त्यांना जवळपास काळा, आणि त्यांना दिसणारा अतिनील आपल्याला मुळीच नाही. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण प्रयोगाच्या टेबलावर त्याचा अर्थ काय, ते आता कळायला लागलं.

एक उदाहरण. चकत्यांखाली मी झेरॉक्सचा पांढरा कोरा कागद अंथरला होता, कारण पांढरं म्हणजे काहीच नाही असं मी धरून चालले होते. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात जे रसायन घालतात, ते अतिनील किरण शोषून घेतं आणि त्या बदल्यात निळसर उजेड बाहेर टाकतं. आपल्याला म्हणून तो कागद चमकतो. माशीच्या डोळ्याला मात्र त्यातला अतिनील गायब, तो कागद तिच्यासाठी रंगीत. मी माझ्या डोळ्यांनी पांढरी केलेली जमीन तिच्यासाठी पांढरी नव्हतीच.

दुसरं, ट्यूबलाइट. आमच्या खोलीत जुन्या चोकची ट्यूब आहे. ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आपल्याला तो सलग उजेड वाटतो. मधमाशीचा डोळा त्याहून वेगवान लुकलुक टिपू शकतो. ब्रॅकॉनचा किती, ते मला मोजायचं नव्हतं, पण ती जोखीम कशाला घ्यायची? एलईडी लावावा तर पांढऱ्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतोच. शेवटी उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल नेलं, जिथे त्या दिवसांत थेट ऊन येत नव्हतं. काच उघडली, मलमल लावली, डब्यावर ट्रेसिंग पेपर ताणला, आणि रोज सकाळी नऊ ते अकरा एवढाच वेळ ठरवला. प्रत्येक माशीनंतर डबा पाव वळणाने फिरवायचा. हे फिरवणं मी इतक्या वेळा केलं की झोपेतही हात फिरायचा.

आणि तरी मुख्य प्रश्न तसाच होता.

तो मला मोबाइलने दाखवला. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या दोन चकत्यांचा फोटो काढ आणि कृष्णधवल कर." केला. पिवळी चकती पांढरट झाली, निळी जवळपास काळपट. दोन्ही रंग गेले, आणि तरी दोघी स्पष्ट वेगळ्या दिसत होत्या. म्हणजे रंग मुळीच न दिसणाऱ्या माशीलाही मी 'जास्त उजळ चकतीवर मध असतो' एवढं शिकवलं असतं, तर ती बरोबर पिवळीवर गेली असती, आणि मी लिहिलं असतं, ब्रॅकॉनला रंग कळतो.

हा पेच शंभर वर्षांपूर्वी मधमाशीसाठी सोडवला गेलाय. कार्ल फॉन हेस नावाचे डोळ्यांचे मोठे तज्ज्ञ मधमाशीला रंगांध म्हणत होते. कार्ल फॉन फ्रिश या तरुणाला ते पटेना. फुलांचे रंग मग कोणासाठी? त्यांनी निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून मधमाशा शिकवल्या, आणि मग तो निळा कागद राखाडी कागदांच्या गर्दीत ठेवला. फिकट राखाडीपासून गडद राखाडीपर्यंत सगळ्या छटा. मधमाशी नुसता उजेड पाहत असती, तर त्यातली एखादी राखाडी छटा तिला निळ्यासारखीच वाटली असती आणि ती चुकली असती. ती चुकली नाही. हे त्यांनी १९१४ साली छापलं. १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्याही आधी, १९१० साली, सेंट लुईसमधल्या एका हायस्कुलात शिकवणारे चार्ल्स हेन्री टर्नर यांनी मधमाशीच्या रंगदृष्टीवरचे प्रयोग छापले होते. कृष्णवर्णीय म्हणून विद्यापीठाचं दार त्यांना नीट उघडलं गेलं नाही. त्यांनी शाळेत शिकवत बागेत जाऊन काम केलं. टर्नर यांचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकात नाही, असायला हवं असं मला मनापासून वाटतं. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी ते लिहून ठेवलंय.

मग मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन राखाडीच्या छटा छापून आणल्या. दुकानदार दादांना आधी कळेना की कोऱ्या राखाडी पानांचं मी करणार काय. कळल्यावर त्यांनी छटा दोनदा फुकट काढून दिल्या, कारण पहिल्या खेपेला शाई एकसारखी बसली नव्हती. फोटोत निळ्या कागदाशी मिळतीजुळती दिसणारी एक छटा निवडली, एक तिच्याहून फिकट, एक गडद. जमिनीला पांढरा कागद बंद, खाकी पुठ्ठा सुरू.

इथवर जानेवारी संपला होता, आणि नेमक्या तेव्हाच माझ्या माद्या कमी व्हायला लागल्या. काचेतून निघणाऱ्या माश्यांत नरच नर. ओळखायला सोपं असतं, नराच्या मिशा लांब, मादीच्या आखूड आणि मागे नांगी. आधी वाटलं, खाणं कमी पडतंय. मॅडमनी विचारलं, "किती पिढ्या झाल्या एकाच काचेतून?" नऊ. मग कारण उघड होतं. या माश्यांत न फळलेल्या अंड्यातून नर होतो, फळलेल्यातून मादी. पण मादी होण्यासाठी लिंग ठरवणाऱ्या जागेवर आई आणि बाप यांच्याकडून वेगवेगळ्या प्रती याव्या लागतात. सख्ख्या भावंडांच्या जोड्या पिढ्यानपिढ्या लागत गेल्या की सारख्या प्रती एकत्र येतात, आणि जे अंडं मादी व्हायचं ते नर होतं किंवा मरतं. ही गोष्ट अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ व्हाइटिंग यांनी याच ब्रॅकॉनमध्ये पहिल्यांदा उलगडली होती. मी पुस्तकात वाचलेलं माझ्या काचेत घडत होतं आणि मला ते ओळखता आलं नव्हतं.

नवं रक्त आणायला हवं होतं. नानांच्या ओळखीने जळगावात डाळ मिलजवळच्या एका धान्याच्या वखारीत आम्ही गेलो. कोपऱ्यातल्या जुन्या पोत्यांवर कॉर्सेराची जाळी धरली होती, आणि पोत्याच्या शिवणीवर, बारीक, मिशा हलवत, ब्रॅकॉन फिरत होत्या. तिथून ११ माद्या आणल्या. तीन आठवड्यांत काचा पुन्हा भरल्या.

मार्च उजाडला तसं ऊन आलं. आमच्याकडे मार्चअखेर चाळिशी गाठायला उशीर लागत नाही. खोलीला कूलर होता, पण दुपारी वीज गेली की काचेतलं तापमान भराभर चढायचं. एका शनिवारी वीज तीन तास नव्हती. सोमवारी सहा काचांपैकी दोन काचांत सगळ्या मेलेल्या. मी त्या दिवशी काम केलं नाही, नुसती बसून राहिले. नाना दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून दोन माठ घेऊन आले, एक मोठा, एक लहान. मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात लहान माठ, लहान माठात काचा, वर ओलं गोणपाट. मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. मार्चचे उरलेले दिवस आणि अर्धा एप्रिल माझ्या माश्या त्या माठात राहिल्या, आणि एकही काच गेली नाही.

आता प्रत्यक्ष शिकवणी. हे सगळ्यात सावकाश सांगते, कारण इथेच हात शिकतो.

आदल्या संध्याकाळी दोन दिवसांची, नराशी मिळालेली मादी वेगळ्या कुपीत. रात्रभर फक्त पाणी, मध नाही. सकाळी कुपी चकतीवर उपडी करायची. चकतीच्या मध्यावर टाचणीच्या टोकाएवढा मधाचा थेंब. मादी आधी काचेवर चढते. तिला घाई करायची नाही. ती उतरते, मिशा कागदावर टेकवते, दोन पावलं, पुन्हा मिशा. थेंबाला मिशी लागली की ती अख्खी थांबते. मिशा वर होतात, तोंड खाली जातं, आणि पोट हलकं हलकं हलायला लागतं. तीस सेकंद मोजायचे आणि कुपी उचलायची. पोट पूर्ण भरू द्यायचं नाही. भरलं तर पुढे ती शोधणारच नाही. दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा तेच. अशा तीन खेपा.

चौथ्या खेपेला डबा. नव्या, कोऱ्या चकत्या, मधाशिवाय. जुनी चकती वापरली तर मधाचा वास किंवा आधीच्या माशीच्या पायांचा वास उरतो आणि मग आपण नाकाची परीक्षा घेतो, डोळ्याची नाही. डबा स्पिरिटने पुसून वाळवायचा. मादी मध्यावर सोडायची, पाच मिनिटं पाहायचं, जिच्यावर ती सलग पाच सेकंद थांबेल ती तिची निवड. एक मादी एकदाच.

शिकवलेल्यांच्या दोन फळ्या केल्या, ३० पिवळ्यावर शिकवलेल्या, ३० निळ्यावर. आणि ३० नुसत्या भुकेल्या, काहीच न शिकवलेल्या. न शिकवलेल्यांपैकी २१ पिवळीवर गेल्या. पिवळं शिकवलेल्यांपैकी २४. निळं शिकवलेल्यांपैकी १६ निळीवर, १४ पिवळीवर. पहिल्यांदा मला निराशा वाटली, १६ म्हणजे निम्म्याला निम्मं. मॅडम म्हणाल्या, "तू शून्यावरून सुरुवात केलेली नाहीस. न शिकवलेल्या ३० मध्ये निळीवर नऊ होत्या." तीन वेळा तीस सेकंदांच्या मधाने उपजत ओढ जवळजवळ तोलून धरली होती.

मग राखाडी. निळी चकती आणि तीन राखाडी, चार कोपऱ्यांत, जागा दर वेळी बदललेल्या. निळं शिकवलेल्या २४ पैकी १३ निळीवर. न शिकवलेल्या २४ पैकी ७. ज्या मादीपाशी मी सगळ्यात जास्त वेळ बसले ती अकरावी होती. ती आधी निळ्याशी मिळत्या राखाडीवर गेली. माझा श्वास अडकला. मिशा टेकवल्या, एक, दोन, तीन सेकंद. मग वळली, डब्याची कड धरून चालत गेली, निळीवर चढली आणि मध्यभागी, जिथे शिकवणीत थेंब असायचा, तिथे मिशांनी ठोकत राहिली. तिथे काहीच नव्हतं. ती तिथेच शोधत होती.

कागदांचं अतिनील परावर्तन मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. म्हणून प्रबंधात मी 'या राखाडी छटांपासून निळा वेगळा ओळखला' एवढंच लिहिलं. मॅडमनी त्या वाक्यातला एक शब्दही वाढवू दिला नाही, आणि आता मला त्याचं बरं वाटतं.

तोंडी परीक्षा झाली, मी घरी आले. आप्पांनी पूर्वहंगामी कपाशी मेअखेरीस लावली होती, जुलैत ती गुडघ्यावर आली. बांधावर पिवळे चिकट सापळे टांगलेले. एक पट्टी काढून भिंगाखाली धरली. पांढरी माशी, तुडतुडे, फुलकिडे, आणि त्यांच्यामध्ये चिकटलेल्या, पंख पसरलेल्या परोपजीवी माश्या. मोजल्या नाहीत, पण भिंग जिथे नेलं तिथे एखादी होतीच. आप्पांना दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "मंग आते त्या पिवया पट्ट्या लावू का नको?"

मी म्हटलं, किडीचा अंदाज घ्यायला चार-दोन असू द्या, रांगेने नको. आणि कार्डं लावाल त्या आठवड्यात सगळ्याच उतरवा. कार्डातून निघालेल्या माशीला अन्न कुठे मिळेल, त्याचीही सोय हवी. बांधावर धने, बडीशेप टाकू. त्यांच्या फुलांतला मध उघडा असतो, आखूड तोंडाच्या माशीला तो मिळतो.

आप्पा ऐकत होते. मग त्यांनी कपाशीचं एक पान उलटं केलं आणि मधल्या शिरेवर बोट ठेवलं. तिथे एक बारीक खळगी होती, तिच्यात चकाकणारा थेंब, आणि थेंबाला लागलेल्या दोन मुंग्या. "मुंग्या अठेच का येतस, ते तुन्हा पुस्तकमा शे का?"

पुस्तकात आहे. कपाशी पानाखाली मध देते, फुलाशिवाय, आणि परोपजीवी माश्या तो पितात. मी ते वाचलं होतं आणि माझ्या प्रयोगाशी जोडलं नव्हतं. या शेतातली भुकेली माशी पिवळ्याकडे ओढली जाते, पण तिला गोड मिळतं ते हिरव्या पानाखाली, रोज, शेकडो वेळा. मग चार दिवस कपाशीत राहिलेली माशी पिवळ्या पट्टीकडे तेवढ्याच ओढीने जाते का? नुकतीच कार्डातून निघालेली आणि कपाशीत राहून शिकलेली, या दोघींत पट्टीला जास्त कोण चिकटते?

मॅडमना त्याच रात्री फोन केला. त्या म्हणाल्या, "हिरव्याशी जुळणारी राखाडी लागेल." उद्या झेरॉक्सच्या दुकानात जायचंय. कपाशीची सहा पानं ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली आहेत.